तापाच्या आकड्याशेजारी वेळ लिहावी

घरात कोणी तापाने आजारी असले की सकाळी थर्मामीटर ९८ अंश दाखवतो, सगळ्यांना हायसे वाटते, आणि दिवेलागणीला पुन्हा अंगात कणकण भरून आकडा १०१ च्या वर जातो. ताप उलटला, असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा तो सकाळी पुरता उतरलेलाच नसतो.

निरोगी माणसाचे तापमानही दिवसभर एकसारखे राहत नाही. ते पहाटे चार ते सहाच्या सुमारास सर्वांत कमी आणि दुपारी चार ते संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत जास्त असते, आणि या दोहोंत साधारण एक अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडतो. मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असलेले जैविक घड्याळ हा चढउतार चालवते. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निरोगी प्रौढांच्या तोंडातील तापमानाची वरची मर्यादा सकाळी सहाला ९८.९, तर दुपारी चारला ९९.९ अंश आढळली. म्हणजे ९९.५ हा आकडा संध्याकाळी स्वाभाविक असू शकतो, पण पहाटे तोच आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

जंतुसंसर्ग झाला की हायपोथॅलॅमस शरीराचे ठरलेले तापमानच वर सरकवतो. त्या नव्या पातळीला पोहोचेपर्यंत अंग गरम असूनही हुडहुडी भरते आणि ती पातळी खाली आली की दरदरून घाम सुटतो. मात्र दैनंदिन लय बहुधा या काळातही टिकून राहते, म्हणून अनेक ताप संध्याकाळी चढतात.

वडिलांच्या आजारपणापासून आमच्याकडे यासाठी एक वही ठेवलेली आहे. तिच्यातली एक नोंद अशी: ‘सकाळी ६ – ९८.४. दुपारी १ – ९९.६. संध्याकाळी ६ – १०१.२, थंडी वाजते, सव्वासहाला पॅरासिटामॉल.’ गोळीची वेळ लिहिणे फार आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे काही तास उतरलेला ताप आजार बरा झाल्याची खूण नसतो. मोजमाप तोंडात घेतले की काखेत, हेही लिहावे. काखेतला आकडा कमी येतो, आणि गरम चहानंतर लगेच तोंडात मोजलेला आकडा फसवा असतो.

अशा नोंदींवरून डॉक्टरांना पुष्कळ काही कळते. हिवतापाच्या एका प्रकारात ताप एक दिवसाआड येतो, आणि क्षयरोगात आठवडेच्या आठवडे संध्याकाळी बारीक ताप राहू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन अशी लक्षणे दिसत असतील, तर सकाळच्या आकड्यावर विसंबून तपासणी लांबवू नये. डेंग्यूत तर ताप उतरू लागल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात. त्या काळात पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव दिसला, तर थर्मामीटर काहीही सांगत असला तरी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.