वाऱ्यानं पाडलं

सोमवार, रात्री पावणेअकरा

बाबा आत्ता काकांशी फोनवर बोलत होते. "वाऱ्यानं पाडलं हो. पोरीनं सगळं नीट केलं होतं." मी पाणी प्यायला गेले होते. ते ऐकलं आणि भांडं तसंच ओट्यावर ठेवून खोलीत आले.

वाऱ्यानं पाडलेलं नाही. मला संध्याकाळी सातपासून माहीत आहे.

काल मामाच्या खाचरात मी बनवलेलं ड्रोन पडलं तेव्हा मीच ओरडले होते, "वारा! वारा!" मुद्दाम खोटं बोलले नाही, तेव्हा मला खरंच तसं दिसलं. घराच्या गच्चीवर उडवायचा प्रश्नच नव्हता. एकीकडे लोहगावचा विमानतळ, एकीकडे एनडीएचं लष्करी आवार, आणि खाली माणसं. म्हणून नकाशा बघून, मामाला विचारून थेट मुळशीकडे. बाबांनी गाडी काढली, आईनं डबा दिला. भात काढून मोकळं झालेलं रान, पलीकडे डोंगर. नऊ मीटर उंची, चार खुणांचा चौकोन, मग परत येऊन आपलं आपण उतरायचं. पहिल्या दोन बाजू त्यानं अशा कापल्या की मामा टाळ्या वाजवायला लागला. तिसऱ्या बाजूला डोंगराकडून झुळूक आली, ते एका अंगावर कललं, आणि मला वाटलं, गेलं.

आज ऑफिसातून आल्यावर यानातलं कार्ड काढून लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, उघडला. जीपीएसला दिसणारे उपग्रह १४, म्हणजे पुरेसे. बॅटरी ११.४ व्होल्ट, म्हणजे अजून बरीच शिल्लक. यानानं स्वतःकडून मागितलेला कल आणि प्रत्यक्षातला कल अशा दोन रेघा असतात. त्या शेवटपर्यंत एकमेकींवर चिकटलेल्या. म्हणजे ते कलत होतं ते ठरवून, जागा सोडायची नाही म्हणून वाऱ्याच्या अंगावर रेलत होतं. भर पावसात छत्री धरून पूल ओलांडताना मीही तशीच रेलते.

आणि त्यानंतर एक उभी रेघ. ऑटोमधून, म्हणजे आपलं आपण उडण्यातून, स्टॅबिलाइझ, म्हणजे माझ्या हाती. ती मी.

स्विच माझ्या बोटानं पडला. रिमोटवरची थ्रॉटलची, म्हणजे मोटरींचा जोर ठरवणारी, काठी तेव्हा तळाला होती. उड्डाण सुरू करायला ती थोडी वर न्यावी लागते. यान वर गेल्यावर मी ती पुन्हा खाली आणून ठेवली होती, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करावा तशी, सवयीनं. ऑटोमध्ये त्यानं काही बिघडत नाही, ते काठीकडे बघतच नाही. स्टॅबिलाइझमध्ये मात्र ते काठीचंच ऐकतं. काठी तळाला, म्हणजे मोटरी जेमतेम फिरणार. नऊ मीटर पडायला दीड सेकंदही लागत नाही.

त्यानं माझं ऐकलं आणि पडलं.

रडले. यानाचा एक हात, म्हणजे मोटर धरणारा दांडा, मोडला, दोन प्रॉप, म्हणजे पंखे, गेले, जीपीएसचा दांडा वाकला. पण रडले ते त्यासाठी नाही. पाच महिने. तापकीर गल्लीच्या किती खेपा. पहिली सगळी सोल्डरिंग थंड बसलेली, म्हणजे सांधे कच्चे, ती काढून पुन्हा केली. दोन मोटरी उलट फिरत होत्या, त्यांच्या दोन-दोन तारा अदलाबदल करून सरळ केल्या. सहा बाजूंनी धरून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे सरळ काय नि तिरकं काय ते त्याला शिकवलं, तेही आईच्या पोळपाटावर, कारण घरात तेवढंच सपाट. हे सगळं कशासाठी? तर त्याला माझ्या हाताची गरज लागू नये म्हणून. आणि ज्या घटकेला खरोखर लागली नाही, तेव्हा मला तो हात वीस सेकंद आवरता आला नाही.

हाच विचार सातपासून डोक्यात फिरतोय. यंत्र चुकलं असतं तर मी शांतपणे भाग बदलला असता. चुकलं नाही. मीच बनवलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, आणि ते मला स्विच पडल्यावर कळलं.

   

गाडी शिकत होते तेव्हा बाबा शेजारी बसायचे आणि प्रत्येक चौकात त्यांचा उजवा पाय खाली रुतायचा. कर्वे रोडपासून वारजेपर्यंत तो पाय ब्रेक दाबत असायचा. मला राग यायचा, माझ्यावर भरवसाच नाही म्हणून. काल माझ्या बोटाला तेच झालं असणार. बाबांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, म्हणून निभावलं. माझ्या बोटाखाली खरा स्विच होता. आणि तरी बाबा रोज येऊन बसायचेच की. पाय दाबत, पण बसायचे. हे आठवलं आणि जरा श्वास सुटला.

माझा हात पुढच्या वेळीही स्विचकडे जाणार. मग तो जाईल तिथं काय असावं एवढं तरी ठरवते. त्या स्विचवरचं स्टॅबिलाइझ काढून लॉइटर लावलंय. काठी मध्यावर असली तर यान आहे तिथं थांबून राहील. चुकून तळाला राहिली तरी सावकाश खाली येईल, दगडासारखं पडणार नाही. आणि वर गेल्यावर काठी मध्यावर आणून ठेवायची. रिमोटवर मध्याशी आईची लाल टिकली चिकटवली आहे, नजर चुकू नये म्हणून.

बाबांचा फोन संपला. यानाचा मोडलेला हात त्यांनी पेपरात गुंडाळून चपलांच्या कपाटावर ठेवलाय. उद्या दुकानात दाखवून "असाच द्या" म्हणणार आहेत.

लॅपटॉप घेऊनच जाते त्यांच्याकडे. ती उभी रेघ दाखवल्याशिवाय त्यांना पटायचं नाही.