इंजिन हवा कुठून खेचतंय?

पॉइंट ४६ घनइंचाचं, म्हणजे साडेसात सीसीचं, मेथेनॉलवर चालणारं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन. शिकाऊंच्या मॉडेल विमानावर (ट्रेनरवर) बसवलेलं, प्रॉप म्हणजे पुढचा पंखा ११×६ इंची. तक्रारी दोन होत्या. थ्रॉटल पूर्ण खाली घेतला तरी आयडल, म्हणजे सर्वांत मंद गती, ४,००० आरपीएमच्या खाली उतरत नव्हतं, आणि उतरलंच तर काही सेकंदांत आपोआप चढायचं. दुसरी तक्रार फुल थ्रॉटलची. पहिली तीन-चार मिनिटं झकास, मग आवाज चिरका होत जायचा आणि इंजिन बंद. इंधनाचं प्रमाण ठरवणारी मुख्य सुई दीड फेऱ्यापासून तीन फेऱ्यांपर्यंत फिरवून झाली. एका टाकीला जमलेलं सेटिंग पुढच्या टाकीला जमेना.

आधी दोष पुण्याच्या उंचीला दिला. इथे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर हवा थोडी विरळ, त्यामुळे मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडतं, आणि मुंबईत जुळवलेली सुई इथे किंचित आवळावी लागते, हे खरंच आहे. पण तो फरक एकदाच पडतो, टाकीगणिक पडत नाही. नवा ग्लो प्लग लावूनही काही बदललं नाही, तेव्हा सुईला हात लावणं बंद केलं आणि गळती शोधायला घेतली.

नको ती हवा दोन वाटांनी शिरते. टाकीपासून सुईपर्यंत कुठे शिरली, तर इंधनाबरोबर बुडबुडे येतात आणि मिश्रण मिनिटामिनिटाला बदलतं. कार्बच्या (कार्बुरेटरच्या) बॅरलच्या, म्हणजे हवा कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागाच्या पलीकडे, थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत शिरली, तर फुल थ्रॉटलला फारसं जाणवत नाही, कारण तेव्हा मुळातच भरपूर हवा आत जात असते. आयडलला बॅरल जेमतेम एक मिलिमीटर उघडा असतो. त्या वेळी तेवढीच चोरटी हवा मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी असलेलं, करते आणि आरपीएम चढवते. म्हणजे माझ्या दोन तक्रारींमागे दोन वेगळ्या गळत्या होत्या. मी मात्र एकच कारण शोधत बसलो होतो.

टाकीपासून सुरुवात केली. ३०० मिलीची टाकी बाहेर काढून तीनपैकी दोन नळ्या बंद केल्या आणि तिसरीतून फुंकत बादलीत बुडवली, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी. बुचाभोवती एकही बुडबुडा नाही. बाहेरची सिलिकॉनची नळीही धड होती. ही नळी सायलेन्सरजवळून जाते तिथे आणि निपलवर चढते त्या टोकाला ताणून पाहावी. टाचणीएवढं भोक सैल नळीत मिटलेलं राहतं, ताणल्यावरच उघडतं.

दोष निघाला टाकीच्या आत, आणि तो बादलीत कधीच दिसला नसता, कारण चिरेच्या दोन्ही बाजूंना टाकीच असते. क्लंक म्हणजे टाकीत लवचिक नळीच्या टोकाला असलेलं, इंधन ओढून घेणारं वजन. त्याची नळी आतल्या पितळी नळीवर चढते, त्या पितळेची कापलेली कड धारदार राहिली होती. तिने सिलिकॉनला चीर पाडली होती. टाकी भरलेली असते तोवर चीर इंधनात बुडालेली असते आणि काहीच बिघडत नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की क्लंक इंधनात असूनही नळी वरून हवा ओढते. तीन-चार मिनिटांचं कोडं ते हेच. कड बारीक पॉलिश पेपरने गोल केली, नवी नळी घातली आणि क्लंक मागच्या भिंतीपासून पाचएक मिलिमीटर दूर राहील एवढीच लांबी ठेवली. लांब ठेवली तर तो भिंतीला घासतो, अडकतो.

नळीत बुडबुडे दिसले म्हणजे गळतीच, असंही नाही. ते बारीक आणि दुधट असतील तर टाकीत इंधनाचा फेस होतोय. त्यावर उपाय म्हणजे प्रॉप बॅलन्स करणं आणि टाकीभोवती सहा मिलिमीटर फोम गुंडाळणं.

मग कार्ब. मुख्य सुई पूर्ण बंद केली, निपलला नळी लावून फुंकलं आणि कार्ब वाटीभर पाण्यात धरला. कार्बच्या तोंडातून हवा आली तर सुई नीट बसत नाही. सुईच्या दांड्याभोवती बुडबुडे आले तर तिथली छोटी ओ-रिंग (रबरी कडी) गेली. माझी दोन्ही ठिकाणं कोरडी होती. संशय राहिला तो कार्बच्या मानेवर, क्रँककेसमध्ये बसते त्या जागी.

क्रँककेसवर दाब देऊन बघायला खास साधन लागत नाही, फक्त पिस्टन कुठे आहे ते महत्त्वाचं. पिस्टन अगदी वर असताना क्रँकशाफ्टची इनटेकची खिडकी उघडी असते आणि एक्झॉस्ट पिस्टनच्या अंगाने झाकलेला असतो. त्याच स्थितीत कार्बच्या तोंडात रबरी बूच बसवलं, सुई बंद, बॅरल पूर्ण उघडा. बुचातल्या नळीला मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज लावून हलका दाब धरला आणि दाढीच्या ब्रशने जोडांवर साबणाचा फेस लावला. दाब आधी, फेस नंतर. नाहीतर साबणाचं पाणी आत बेअरिंगपर्यंत जातं. एक्झॉस्टमधून थोडी हवा निसटतेच, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. पॉइंट ०४९ च्या काही चिमुकल्या इंजिनांत पिस्टन वर गेल्यावर त्याच्या खालून एक्झॉस्ट उघडतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

बॅकप्लेटवर, म्हणजे क्रँककेसच्या मागच्या झाकणावर, फेस हलला नाही. कार्बच्या मानेभोवती मात्र पटापट फुगे. ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती. व्हर्नियरने माप घेऊन नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून साधी काळी नायट्राइलची आणली. महागाची म्हणून व्हिटॉन घ्यावीशी वाटते, पण नेहमीचं व्हिटॉन मेथेनॉलमध्ये फुगतं. बसवताना कार्ब अंगठ्याने खाली घट्ट दाबून धरायचा आणि मगच स्क्रू आवळायचे. नुसते स्क्रू आवळले तर कार्ब हलत नाही, पण ओ-रिंगही दबत नाही, आणि गळती तशीच राहते. बॅकप्लेटचे चारही स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळून घेतले. जोर लावू नये. अॅल्युमिनियममधले आटे गेले तर गळतीपेक्षा मोठं दुखणं. पॅकिंग फाटलंच असेल तर पाव मिलिमीटरच्या पॅकिंग पेपरमधून कापून होतं. सिलिकॉन सीलंट मी टाळतो, दाबून आत गेलेला तुकडा कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही.

प्रॉपमागे, पुढच्या बेअरिंगपाशीही एकदोन फुगे येत होते. तिथे थोडं तेल पाझरणं या इंजिनांत स्वाभाविकच, शाफ्टला वंगण त्याच वाटेने मिळतं. धार लागली किंवा बोटाने शाफ्ट वरखाली हलला तर मात्र बेअरिंग बदलावं.

सगळं पुसून, आत आफ्टर-रन तेल (गंज टाळायला घालतात ते) सोडून जोडलं. सुई अडीच फेरे उघडून चालू केलं आणि प्रॉपच्या मागे उभं राहून हळूहळू आवळत गेलो. फुल थ्रॉटलला इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरली, तर आवाज आधी चढला, मग पडू लागला. म्हणजे सेटिंग किंचित रिच, हवं तसं. लगेच पडला असता तर लीन. विमानाचं नाक दहा सेकंद आभाळाकडे धरलं तरी आवाज बदलला नाही. आयडल २,६०० वर उतरलं आणि टाकी संपेपर्यंत तिथेच राहिलं. सुई थांबली दोन फेऱ्यांच्या जरा पुढे. प्रॉपमागचा ओलेपणा तेवढा अजून आहे.