मॅगी व्हॅलीतलं धूर सोडणारं संग्रहालय

जुन्या मोटारसायकली जमवणाऱ्या डेल वॉक्सलरला भेटायचं राहूनच गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्करोगाने तो गेला आणि मी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅगी व्हॅलीत पोचलो त्यानंतरच्या ऑक्टोबरात. ॲशव्हिलहून पश्चिमेला पाऊण तासाचा रस्ता. शेवटी स्मोकी पर्वतांच्या कुशीत शिरताना रंगलेली झाडं पाहायला बायकोने दोनदा गाडी थांबवायला लावली. मला आत जायची घाई.

त्याच्या मोटारसायकल संग्रहालयाचं, 'व्हील्स थ्रू टाइम'चं दार उघडलं आणि आधी नाकाला कळलं, कुठे आलोय ते. जुनं ऑइल, पेट्रोल, रबर. संग्रहालयांना सहसा फिनेलचा वास येतो.

इलिनॉयमध्ये हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींची डीलरशिप चालवणाऱ्या डेलने आपला गाड्यांचा गोतावळा इथे आणून २००२ मध्ये हे उभं केलं. तीनशेच्या वर गाड्या, बहुतेक अमेरिकन: हार्ले, इंडियन, हेंडरसन, एक्सेलसियर, क्रॉकर. यातल्या काही नावांचे कारखाने १९३० च्या आसपासच्या मंदीत संपले. पण डेलचा हट्ट असा की गाडी नुसती दिसून उपयोग नाही, ती चालली पाहिजे. म्हणून बिरुद पडलं, 'चालतं संग्रहालय'. पाहुणे आले की एखादी म्हातारी सुरू करून दाखवायची, ही त्याची खोड. त्याच्यामागेही ती सुटलेली नाही.

आमच्यासमोर पायडलवाली एक हार्ले निघाली. मागचं चाक स्टँडवर उचललेलं. सिलेंडरच्या डोक्यावरच्या छोट्या वाटीत पेट्रोलचे चार थेंब, ठिणगी पडायची वेळ जरा मागे ओढलेली, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरलेला. मग सायकलसारखं पायडल मारायचं आणि वेग आला की व्हॉल्व्ह सोडायचा. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा जी धडधडली, ती थेट छातीत. निळसर धूर वर गेला. त्या काळी ऑइल फिरून टाकीत परत येत नसे. इंजिनात जाई, जळे, उरलेलं खाली गळे. आजच्या गाडीने असं केलं तर आपण मेकॅनिकच्या नावाने शिमगा करू.

सर्वात जास्त वेळ मी ट्रॉब नावाच्या मोटारसायकलीसमोर उभा होतो. १९१६ ची, जगात एकच. १९६७ मध्ये शिकागोजवळ एका इमारतीचं काम करताना प्लंबरला ही विटांच्या भिंतीमागे सापडली. कोणी, कशासाठी चिणून ठेवली, याच्या चोरीपासून युद्धापर्यंत कहाण्या आहेत. मला एकही फारशी पटली नाही. पण आतले बरेच भाग हाताने घडवलेले, गिअर तीन, त्या काळाच्या मानाने अफाट कारागिरी. हातोहात फिरत ती डेलकडे आली. अशी एकुलती एक गाडी मी काचेत बंद करून किल्ली फेकून दिली असती. डेलने तीही चालवली.

काही गाड्यांचा मूळचा रंग उडालेला, टाकीवर गंज. चकचकीत करणं डेलला सहज जमलं असतं, पण त्याने त्या तशाच ठेवल्या. मी स्वतः एका जुन्या मोटारसायकलचा मूळ रंग खरवडून नवा मारलाय, त्यामुळे तिथे जरा मान खाली गेली.

बाहेर पडायला तीन तास लागले. गाडीत बसताच बायको म्हणाली, "खिडक्या उघड्याच ठेव. शर्टाला जळक्या ऑइलचा वास येतोय."