आमची वाटचाल : वजनकाटा नसलेलं दुकान

आमच्या दुकानात वजनकाटा नाही. चिपळूणला वडिलांच्या जुन्या गॅरेजच्या जागेत आम्ही जुन्या गाड्यांचे सुटे भाग घेतो, ओळखतो, साफ करतो आणि विकतो. वस्तू काट्यावर चढली की तिचं नुसतं लोखंड होतं, असं आमचे वडील, भाऊ, म्हणायचे. म्हणून काटा आणलाच नाही.

भाऊ मेकॅनिक. त्यांच्या काळात मुंबईहून निवृत्त होऊन येणारे चाकरमानी आपली फियाट, अँबॅसिडर गावी घेऊन यायचे. पहिली काही वर्षं गाडी गणपतीला, शिमग्याला फिरायची. मग पार्ट मिळेनासे व्हायचे, मुलं मुंबईत, आणि गाडी गोठ्याच्या कडेला आंब्याखाली कायमची उभी. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात तळाचा पत्रा टिकत नाही. पितळ, काच, बिडाचं ओतकाम मात्र राहतं. आमचा धंदा या उरलेल्या वस्तूंवर उभा राहिला.

सुरुवातीला मी माल ‘फियाटचा’, ‘जीपचा’ एवढंच सांगायचो. ओळखणं म्हणजे काय, ते गुहागरकडच्या एका वाडीत कळलं. मालक म्हणाले, जीप विलीज या अमेरिकन कंपनीची आहे. भाऊंनी खाली वाकून चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची पुढची आडवी पट्टी चाचपली. युद्धकाळातल्या विलीजला तिथे गोल नळी असते. हिला उलट्या यू आकाराची पट्टी होती. मग रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी एका बोल्टचं डोकं घासलं. गंजाखालून बारीक, वळणदार ‘एफ’ वर आला. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्याच आराखड्यावर फोर्डनेही जीपा बनवल्या आणि आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, हा एफ उमटवला. तशी जीप मूळ रूपात उभी करणाऱ्याला तोच बोल्ट हवा असतो. त्या दिवशी आम्ही बोल्ट मोजून घेतले.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी चुंबक लावायचा, म्हणजे लोखंड की दुसरं काही ते कळतं. मग पाना. फियाटचे नट मिलिमीटरच्या पान्यात बसतात, जीप-अँबॅसिडरचे इंचाच्या. दोन्हीतला एकही नीट बसला नाही, तर बहुधा १९५०च्या आधीचा इंग्लिश माल, व्हिटवर्थ मापाचा. त्या पान्यावर नटाच्या डोक्याचं माप नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. नवा पोरगा इथे हमखास गोंधळतो. मग ठसे. लुकास या इंग्लिश कंपनीच्या डायनॅमोच्या, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या अंगावर मॉडेल आणि पार्ट नंबरासोबत महिना-वर्ष ठोकलेलं सापडतं. ‘५ ५८’ म्हणजे मे १९५८. गाडी बनली त्याच्या थोडे महिने आधीची तारीख असेल तर त्या गाडीच्या मालकाला तो डायनॅमो लाखमोलाचा. गाडीनंतरची तारीख असेल तर चालेल, पण तो नंतर बसवलेला.

किंमत ठरवताना चकाकी बघू नका, असं मी कळकळीने सांगतो. पॉलिश मारताना ठसा घासला गेला की ओळखच गेली. जुन्या हेडलाइटच्या परावर्तकावर चांदीचा मुलामा असतो. फडक्याने पुसला की ओरखडे पडतात. डाव्या-उजव्याची जोडी असेल तर भाव एकट्याच्या दुपटीहून जास्त. बिडाचा सिलिंडर हेड घेताना रॉकेल लावून कोरडा पुसतो आणि खडूची पूड फासतो. तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून पुडीवर ओली रेघ उमटते.

एक चूक आजही सलते. घरी तांब्या-पितळेची भांडी आमसुलाच्या पाण्याने लखलखतात, म्हणून मी एसयू या इंग्लिश कंपनीचा एक कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, रात्रभर त्याच पाण्यात बुडवून ठेवला. त्याचा पितळी भाग उजळला, पण मजाकचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा भाग आंबटाने खाल्ला. फ्लोट चेंबरवरचा, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या कप्प्यावरचा, नंबर असलेला पितळी बिल्ला तेवढा शाबूत राहिला. तो भाग परत मिळण्यासारखा नव्हता. आता मजाक आणि ॲल्युमिनियम आधी वेगळं काढतो.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. चिखल काढायला आठवडे लागले. लोखंड डिझेलने धुऊन बरंच वाचवलं. पण कधीच न वापरलेल्या जुन्या मालाची मूळ खोकी विरघळली आणि कुठला भाग कुठल्या गाडीचा, कुठल्या गावचा, हे लिहिलेली भाऊंची वही गेली. पार्ट हातात होता, त्याची हकिकत गेली. किंमत तिथेच निम्मी झाली. तेव्हापासून प्रत्येक भागाला ॲल्युमिनियमच्या पट्टीचा बिल्ला तारेने बांधतो आणि त्यावर पंचने अक्षरं ठोकतो.

त्याच महिन्यात केंद्राचा व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा नियम आला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरने नोंदता येते. मूळ रूपाला महत्त्व आलं, तसे विचारणारे वाढले. सुट्या चासी नंबरच्या पट्ट्या मागणारेही येतात. त्या आम्ही घेत नाही आणि विकतही नाही. कागद नसलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीचं नाव चिकटवणं ही चोरीच.

परवा दापोलीजवळ एका घरी गेलो होतो. अंगणात कोंबड्या ज्यातून पाणी पीत होत्या ती चाकाची टोपी होती. मधला ‘एम’ बोटाला लागला. मॉरिस मायनरची. आजी म्हणाल्या, “भंगारवाल्याला देणार होते, वजनावर.” मी आधी त्यांना ती कुठल्या गाडीची ते सांगितलं, मग भाव. त्यांनी सुनेला हाक मारली, “अगं, माळ्यावर अजून आहेत ना?” शिडी लावली. पेंढ्याखाली आणखी दोन निघाल्या, एकीला पोचा. चौथी कुठे गेली ते आजींनाही आठवेना. तिन्हींचे पैसे दिले आणि परसातच बिल्ल्यावर गावाचं नाव ठोकलं.