किरीट, शिरपेच, बाशिंग आणि तुरा

शाळेच्या वहीत, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, सगळीकडे एक ठरलेली ओळ असते, मुकुट = किरीट, ताज, शिरपेच, टोप. मला ती ओळ बघितली की प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवून बघा ना, बसतच नाहीत. नवरदेवाला कोणी किरीट बांधत नाही आणि विठोबाला एरवी बाशिंग नाही. डोक्यावर काय आहे त्यावरून खाली कोण आहे आणि प्रसंग कुठला ते आपल्याकडे लगेच कळतं, म्हणून तर एवढे शब्द झाले.

किरीटपासूनच घ्या. हा मला सगळ्यात आवडता. महाभारतात विराटपर्वात विराट राजाच्या मुलाला, उत्तराला, विश्वास बसत नाही की समोर अर्जुन उभा आहे, तेव्हा अर्जुन आपली दहा नावं आणि प्रत्येकाचं कारण सांगतो, त्यात किरीटी हे नाव येतं. दानवांशी लढताना इंद्राने सूर्यासारखा झगझगीत किरीट माझ्या डोक्यावर ठेवला म्हणून मी किरीटी, असं तो सांगतो. ज्ञानेश्वरी वाचताना हाच किरीटी जागोजागी भेटतो, आणि तिथे तो शब्द इतका मायेने येतो की राजेपणा वगैरे काही आठवतच नाही, कोणीतरी आपल्या माणसाला हाक मारतंय असं वाटतं.

मूर्ती बघणाऱ्यांसाठी तर किरीट म्हणजे एक ठरावीक आकार. विष्णूच्या डोक्यावरचा उंच, सरळ वर गेलेला तो किरीटमुकुट. देवींच्या डोक्यावर बहुतेकदा करंडमुकुट असतो, वर निमुळता होत जाणारा, एकावर एक करंडे रचल्यासारखा. आणि शंकराला सोन्याचं काही लागतच नाही, त्याच्या जटाच वर बांधल्या की झाला जटामुकुट. घारापुरीला गेलात तर त्या प्रचंड तीन मुखांच्या मूर्तीसमोर सेल्फी काढून लगेच वळू नका, मधल्या शांत चेहऱ्याच्या वर बघा, केसांचाच केवढा मोठा मुकुट कोरलाय, आणि त्यात दागिने किती बारकाईने गुंफलेत. पुढे कुठल्याही लेण्यात किंवा म्युझियममधे गेलात आणि मूर्तीचे हात तुटलेले, आयुधं गेलेली असली तरी डोक्यावरून निदान अंदाज बांधता येतो की हा विष्णू असेल की शिव, मला यात फार आनंद मिळतो.

आता राजा. इंग्रजीत कॉरोनेशन म्हणजे शब्दातच मुकुट आहे, तिथेही तेल लावायचा विधी असतो पण नाव पडलं ते मुकुटावरूनच. आपला शब्द मात्र राज्याभिषेक, म्हणजे डोक्यावर पडतं ते पाणी. ६ जून १६७४ ला रायगडावर जे झालं त्यात नद्यांचं पाणी, सिंहासन आणि छत्र यांना महत्त्व होतं, आणि पदवी कुठली तर छत्रपती. डोक्यावर छत्र धरलेला तो राजा! युरोपातल्या संग्रहांत महाराजांची जुनी चित्रं आहेत, त्यातही डोक्यावर पागोट्यासारखं काहीतरी आणि त्यावर तुरा दिसतो, इंग्लंडच्या राजासारखा क्राऊन नाही. म्हणून कोणी 'महाराजांच्या डोक्यावर मुकुट चढला' असं लिहिलं की मला ते खटकतं. जिरेटोप म्हणा, छत्र म्हणा, पण मुकुट नको.

याच्या अगदी उलट गोष्ट १९११ ची. पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी येणार होता, पण लंडनमधला राजमुकुट देशाबाहेर न्यायला मनाई, म्हणून फक्त त्या दरबारासाठी सहा हजारांहून जास्त हिऱ्यांचा नवा मुकुट बनवला. १२ डिसेंबरला त्याने तो घातला, पुन्हा कधीच कुठल्या राजाने घातला नाही, आता तो टॉवर ऑफ लंडनमधे काचेमागे आहे. आपलं गेटवे ऑफ इंडिया त्याच दौऱ्याची आठवण, राजा अपोलो बंदरावर उतरला म्हणून बांधलेलं, पूर्ण झालं १९२४ ला. मुकुटाशिवाय सम्राट दिसूच शकत नाही ही त्यांची कल्पना, आणि इथले राजे शतकानुशतकं पागोट्यातच राज्य करत होते.

त्या पागोट्याचाच दागिना म्हणजे शिरपेच. मूळ फारसी सरपेच, सर म्हणजे डोकं आणि पेच म्हणजे पीळ, मराठीने सरचं शिर केलं आणि शब्द इतका आपला करून टाकला की फारसी वाटतच नाही. शिरपेच समोर कपाळावर, मग कलगी, मग मोत्यांचा तुरा. यातूनच पेपरवाल्यांचं लाडकं 'शिरपेचात मानाचा तुरा' आलं. आणि कलगी-तुरा म्हणजे तर शाहिरांचे दोन पक्ष, कलगीवाले शक्तीच्या बाजूचे आणि तुरेवाले शिवाच्या, सवाल-जवाब रात्रभर. कोकणात अजून शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. न्यूज चॅनलवर दोन नेत्यांच्या भांडणाला कलगीतुरा म्हणतात ते मला पटत नाही, कारण खऱ्या कलगीतुऱ्यात समोरच्याच्या कोड्याचं उत्तर द्यावं लागतं, तेही अभ्यास करून आणि गाऊन.

बाशिंग या यादीत कधीच नसतं आणि असायला हवं. नवरदेव एका दिवसाचा राजा, त्याच्या कपाळावरचा तो मुकुटच. हल्ली शहरात मुंडावळ्यांवर भागतं, पण गावाकडे बाशिंग दिसतं अजून. लग्नाची घाई झालेल्याला आपण म्हणतो गुडघ्याला बाशिंग बांधलंय. आणि पोळ्याला तेच बाशिंग बैलाच्या डोक्याला! वर्षभर राबणाऱ्या जनावराला नवरदेवाचा मान द्यायचा, हे ज्या कोणाला पहिल्यांदा सुचलं त्याच्याबद्दल मला खरंच आदर वाटतो.

टोपाचं काय सांगावं, विठोबाच्या डोक्यावर उंच टोप, आणि वारकरी मानतात की तो टोप नाही, देवाने डोक्यावर शिवलिंग धरलंय. मुंबई-कोकणात टोप म्हणजे पातेलं, त्याच शब्दात भात शिजतो. क्राऊनही आलाय मराठीत, दातावर बसवला की आपण त्याला कॅप म्हणतो, आणि छापखान्यात डबल क्राऊन म्हणजे वीस बाय तीस इंचाचा कागद.

पण तुरा शब्द कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यासमोर जपून वापरा. कोंबड्याचा तुरा, मोराचा तुरा सगळं छान, उसाला मात्र तुरा आला की वाढ थांबते, जास्त दिवस उभा राहिला तर आतून पोकळ पडायला लागतो, दशी पडते म्हणतात, वजन घटतं आणि साखरही कमी उतरते. लांबून बघणाऱ्याला पांढऱ्या तुऱ्यांचं शिवार फार देखणं दिसतं, आणि ज्याचा ऊस आहे तो तोड कधी मिळणार म्हणून कारखान्याला फोनवर फोन लावत असतो.