चिंगीची गावपळण

माझ्या कोंबडीला, चिंगीला, अंड्यांवर बसवलं आणि चारच दिवसांत गावपळणीची तारीख कळली. मी बोटांवर मोजलं. गाव सोडायचा तो नेमका तिचा अठरावा दिवस येत होता, म्हणजे पिल्लं निघायच्या तोंडावर. पोटात गोळाच आला.

आचऱ्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे, सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात, तीन-चार वर्षांनी एकदा श्री देव रामेश्वराच्या हुकमाने अख्खा गाव घरं बंद करून शिवेबाहेर राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसांबरोबर गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी निघतात. मागे कोणी राहत नाही. मग चिंगी तरी कशी राहणार?

चिंगी ही माझी जपानी बँटम. अंगाने पांढरी, शेपटी काळी आणि डोक्याच्याही वर उभी. पाय इतके आखूड की चालताना पंखांची टोकं जमिनीला टेकतात. वजन जेमतेम अर्धा किलो. बँटम हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून पडलं. तिथून जहाजांवर चढवलेल्या लहान कोंबड्यांना युरोपातले खलाशी बंदराच्याच नावाने ओळखू लागले. आमच्या वाडीत मात्र तिला सगळे 'ती बुटकी' म्हणतात.

मी पूर्वी थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब लावून अंडी उबवायचे. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा खोक्यात चौदा अंडी होती, अकरावा दिवस. वीज गेली ती सहा दिवस आलीच नाही. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून बघितल्या, गोधडीत गुंडाळलं, एकही पिल्लू निघालं नाही. त्याच वेळी शेजारच्या मांगरात एक गावठी कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. छपराची कौलं उडाली, ती भिजली, पण जागची हलली नाही. तिची नऊ पिल्लं निघाली. तेव्हापासून खोकं माळ्यावर आहे.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी ओळखायला अवघड नाही. अंडी काढून घेतली तरी खुराड्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून चेंडूसारखी होते, कुडकुडते, पोटाची पिसं उपटून कातडी उघडी करते. तरी मी लगेच अंडी देत नाही. दोन रात्री खोटी अंडी ठेवून बघते आणि तिसऱ्या रात्री काळोखात खरी सरकवते. साठवलेली अंडी आठवड्याच्या आतलीच घेते, तांदळाच्या डब्यात जाड बाजू वर करून ठेवलेली. प्रत्येकावर पेन्सिलची खूण करते, कारण चिंगी खायला उठली की बाकीच्या कोंबड्या तिच्या टोपलीत अंडी घालून जातात आणि मग कुठलं कधीचं ते कळत नाही. टोपलीत तूस, त्यावर पेंढा, तळाला निगडीचा पाला. पिसवा कमी होतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एका कडेला मोडक्या विळ्याचं पातं खोचतात. ढग गडगडले तरी अंडी नासत नाहीत, असं त्यांच्या आईने सांगितलेलं. मी ते पातं कधी काढलं नाही.

बँटमची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. तीस-बत्तीस ग्रॅमचं अंडं, पातळ कवच, वर दीड किलोची कोंबडी. दोनदा फुटलेली काढली आहेत मी. चिंगीखाली तिची नऊ मावतात, त्यापेक्षा जास्त नको. कडेची थंड पडतात.

सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. एक रिकामं, नुसतंच पिवळं. सहांमध्ये लाल शिरांची जाळी आणि मधे हलणारा ठिपका. दोघांत मात्र रक्ताचं गोल कडं, म्हणजे जीव धरला आणि गेला. पहिल्या वर्षी असं झालं की मी स्वतःला दोष द्यायचे, आपण हात फार लावला म्हणून. कारण नंतर समजलं. ज्या गुणामुळे पाय आखूड होतात तो आई आणि बाप दोघांकडूनही आला तर पिल्लू कवचातच मरतं. आखूड पायांचा नर आणि आखूड पायांची मादी अशी जोडी लावली की सरासरी चौथा हिस्सा अंडी अशी जातात. उरलेल्यांतही काही लांब पायांची निघतात. लोक 'अस्सल नाही' म्हणून ती काढून टाकतात. मला ते पटत नाही. लांब पायांची मादी आखूड पायांच्या नराला दिली की असं एकही पिल्लू मरत नाही आणि निम्मी आखूड पायांचीच होतात. चिंगी आखूड पायांची, म्हणून तिला लांब पायांचा जोडीदार द्यायचं मी त्या रात्रीच ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी एकदा उठली, दाणे खाल्ले, पाणी प्यायली, चोवीस तासांची साठवलेली ती भलीमोठी घाण टाकली आणि वीस मिनिटांत परत बसली. लगेच टोपलीवर डालगं, डालग्यावर गोणपाट. काळोख असला की ती शांत राहते. टेम्पोत भांडी, अंथरुणं, दोन शेळ्या, आणि पुढे माझ्या मांडीवर चिंगी. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी टोपली उचलून धरायचे. माळावर यांनी झापांची राहुटी आधीच उभारली होती. तिच्या आतल्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या आडोशाला टोपली ठेवली. गोणपाटाखाली हात घातला. तिने जोरात टोचलं. इतकं बरं वाटलं मला!

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी माळावर भजन सुरू झालं तेव्हा मी आतच होते. एक अंडं कानाला लावलं. आतून टक् टक्, मग बारीक चिवचिव. चिंगीने खालच्या आवाजात कुर्र कुर्र केलं आणि आतला आवाज थांबला. पुन्हा चिवचिव, पुन्हा कुर्र. दोघांमध्ये अजून कवच होतं आणि बोलणं सुरू झालं होतं.

रात्रभर मी कंदील घेऊन आत-बाहेर करत होते. शेवटी आई म्हणाल्या, "गो, तू हयसून ऊठ बघू. तां तीच बघतली."

सकाळपर्यंत पाच निघाली. लिंबाएवढी, ओली, मग तासाभरात कापसासारखी. तिघांचे पाय दिसतच नव्हते, दोघं ताठ उभी. सहाव्या अंड्याला भोक पडलं होतं, पण निमुळत्या बाजूला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पूर्वी एकदा असंच कवच सोललं होतं. आतल्या पडद्यातल्या शिरा जिवंत होत्या, पिल्लू माझ्या तळहातावर रक्त जाऊन मेलं. दुपारी चिंगीने ते अंडं स्वतःच टोपलीच्या कडेला सारलं. मी ते बांधाखाली पुरलं.

पिल्लांना पहिला दिवस दाणा नको असतो. पोटात ओढून घेतलेला बलक दोन दिवस पुरतो. पाण्याची करवंटी मात्र ठेवली, खडे घालून, कारण एवढीशी पिल्लं दोन बोटं पाण्यातही बुडतात. माळावर वर घारी आणि झुडपात भारद्वाज. ज्याच्या दर्शनाला आपण शुभ म्हणतो तोच पिल्लू उचलतो, म्हणून डालगं दिवसभर पालथंच.

'बुटकीला पिल्लं झाली' हे राहुट्याराहुट्यांतून पसरलं आणि मुलांची रांग लागली. मुलांमागून बायका आल्या. बोलता बोलता कळलं, आणखी तिघींकडे त्याच आठवड्यातली पिल्लं होती. मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लशीची बाटली शंभर मात्रांची येते आणि कालवली की थोड्याच तासांत संपवावी लागते. पाच पिल्लांसाठी ती फोडायला जीव होत नाही. तिथेच ठरवलं की बाटली एक आणायची आणि सगळ्यांनी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायचं.

चौथ्या दिवशी परतायला देवाचा कौल झाला आणि गाव परतला. पाचव्या दिवशी खळ्यात चार डालगी शेजारी शेजारी होती. मी पिल्लू धरायचे, शेजारीण डोळ्यात थेंब सोडायची, आई मोजायच्या. एकूण एकतीस. लस दिलेलं पिल्लू डालग्याखाली सोडलं की चिंगी आधी त्याचा डोळा न्याहाळायची आणि मगच त्याला पंखाखाली घ्यायची.