आमची वाटचाल : गालावरचं सोनं

गिरगावातलं हे घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांनी टाकलं. मी कामाला बसलो तेव्हा बॅटरीची घड्याळं आली होती, दुरुस्तीचं गिऱ्हाईक रोडावलं होतं. अशात एक आजी चादरीत गुंडाळून फ्रेंच घड्याळ घेऊन आल्या. तबकडीशेजारी पुस्तक वाचत बसलेली ब्रॉन्झची बाई, सगळीकडे सोनेरी मुलामा.

मागचं झाकण काढलं आणि बघतच राहिलो. तळहाताएवढं गोल पितळी यंत्र, त्यावर शिक्का : ‘पाँस, सुवर्णपदक १८२७’. नॉर्मंडीतल्या सँ-निकोला-दालिएरमाँ गावात ओनोरे पाँस यांच्या कारखान्यात अशी यंत्रं बनत आणि पॅरिसमध्ये घड्याळाच्या सांगाड्यात बसवली जात. लंबक चक्क रेशमी दोऱ्यावर टांगलेला! तबकडीवर १२ च्या वरची बारीक खुंटी फिरवली की दोरा गुंडाळला जातो, लंबक वर सरकतो, घड्याळ पुढे धावतं. पुढे लंबक टांगायला दोऱ्याऐवजी फ्रेंच घड्याळजी ब्रोको यांची पोलादी पट्टी आली. आपल्या पावसाळ्यात दमट हवेने दोरा कमीजास्त होतो, वेळ पुन्हापुन्हा लावावी लागते. तरी आम्ही दोऱ्याच्या जागी पट्टी बसवत नाही. बॅटरीचं मशीन तर नाहीच नाही.

यंत्र उत्तम चाललं. मग हौसेने मी त्या बाईला पितळेच्या पॉलिशने घासलं. गालावरचं सोनं फडक्यावर आलं. आजी काही बोलल्या नाहीत. मी मजुरी घेतली नाही, पण कित्येक रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर मी मुलाम्याबद्दल मिळेल ते वाचलं. सोनं पाऱ्यात कालवून ब्रॉन्झवर लावायचं, मग आगीवर पारा उडवायचा. ती वाफ कारागिरांच्या अंगात भिनायची, हात थरथरायला लागायचे. पॅरिसचे ब्रॉन्झकार राव्हरिओ १८१४ साली वारले. पाऱ्याच्या या वाफेवर उपाय शोधणाऱ्याला ३,००० फ्रँक द्यावेत, असं ते मृत्युपत्रात लिहून गेले. रसायनशास्त्रज्ञ दार्से यांच्या धूर ओढून घेणाऱ्या भट्टीला ते बक्षीस मिळालं. एवढी किंमत मोजून चढवलेलं सोनं मी दहा मिनिटांत पुसलं होतं. आता आमच्याकडे मुलाम्याला फक्त मऊ ब्रश आणि कापूस लागतो. पॉलिशची बाटली दुकानात नाही.

फ्रेंच घड्याळं आता पुण्याहून, गोव्याहूनही येतात. आजींचं घड्याळ नातीकडे आहे, तेलपाण्याला अजून आमच्याकडेच येतं. चावी दिली की पंधरवडा चालतं. मागच्या खेपेला तिने विचारलं, “काका, गालावर नवा मुलामा चढवून द्याल का?” मी नको म्हटलं. बाकीचं सोनं पॅरिसच्या कारागिराच्या हातचं आहे, त्याच्या शेजारी माझं नको.